अकरा महिन्यांचं वर्ष

व्यापाऱ्याचं वर्ष दिवाळीच्या पाडव्याला सुरू होतं, सरकारचं १ एप्रिलला. घरांची खरेदी-विक्री आणि भाडेकरार जुळवून देणाऱ्या माझ्यासारख्या एजंट बाईचं वर्ष सुरू होतं पितृपंधरवड्यात. त्यात गूढ काही नाही. त्या पंधरा दिवसांत पुण्याच्या कोथरूडमध्ये घर बघायला फारसं कोणी येत नाही. ज्यांना घर पसंत पडलेलं असतं तेसुद्धा "घटस्थापनेला टोकन देऊ" म्हणून थांबतात. चाव्या खुंटीवर लटकत असतात, त्या ने-आण करणारा आमच्या ऑफिसातला मुलगा गावी जाऊन येतो, आणि मी पुढच्या वर्षाची वही उघडते. एक्सेलही आहे, पण पहिला आराखडा वहीतच होतो. वहीत खोडलेलं दिसत राहतं, आणि आमच्या धंद्यात काय खोडावं लागलं हेच पुढच्या वर्षी सगळ्यात जास्त उपयोगी पडतं.

मध्यंतरी बाणेरच्या एका हॉटेलात एजंटांसाठी वार्षिक नियोजनाची कार्यशाळा होती. शिकवणारा तरुण हुशार होता, बोलायचाही छान. त्यानं प्रत्येकाला विचारलं, "वर्षाला किती कमवायचंय?" कोणीतरी १८ लाख म्हणालं. मग फळ्यावर उलटं गणित सुरू झालं. एका व्यवहाराची दलाली सरासरी ७५ हजार धरली, तर व्यवहार हवेत २४. एका व्यवहारामागे दहा साइट व्हिजिट, म्हणजे २४०. एका व्हिजिटमागे चार चौकशा, म्हणजे ९६०. महिन्याला ८०, दिवसाला तीन. "रोज तीन नव्या चौकशा आणल्या की १८ लाख तुमचेच," असं म्हणून त्यानं खडू खाली ठेवला, आणि लोकांनी फळ्याचे फोटो काढले.

त्या गणितात चूक काही नाही. नवीन मुलांनी ते एकदा करून बघावंच, कारण बाजारात आलेल्या मुलाला वाटत असतं की दोन-तीन मोठे व्यवहार झाले की वर्ष निघालं. पण मला ते फळ्यावरच आवडतं. त्यात श्रावण आणि मार्च सारखेच. मे महिन्यात आलेली चौकशी आणि नोव्हेंबरात आलेली चौकशी यांचं वजन एकच. आणि मुख्य म्हणजे चौकशी माझ्या फोन करण्यातून जन्माला येते, असं त्यात धरलेलं आहे. इतक्या वर्षांत मी एकाही माणसाला फोन करून घर बदलायला लावलेलं नाही. माणूस घर बदलतो ते मुलाची शाळा, बदलीची ऑर्डर, बायपास झालेले वडील, जिन्याचे तीन मजले, भावाभावांतली वाटणी यांमुळे. या सगळ्यांना तारखा असतात, आणि त्या माझ्याकडे नसतात, त्यांच्याकडे असतात. माझं वार्षिक नियोजन म्हणजे दुसऱ्यांच्या तारखा वेळेवर माहीत करून घेणं. बाकीचं सगळं त्यावर बेतलेलं.

आणि या तारखांमधली सगळ्यात मोठी, सगळ्यात नेमकी यादी कोणत्याही एजंटाच्या कपाटात आयती पडलेली असते. भाडेकरारांची.

भाडेकरार अकरा महिन्यांचाच का, असं घरमालकाला विचारलं की बहुतेक जण आत्मविश्वासानं सांगतात, "वर्षाच्या आत असला की रजिस्टर करावा लागत नाही." देशाच्या नोंदणी कायद्यात एका वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, त्यावरून ही समजूत पसरली. महाराष्ट्रात तिला काही अर्थ नाही. इथे १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५नुसार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे आपला नेहमीचा घरभाड्याचा, करार लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा. तो अकरा महिन्यांचा असो की छत्तीस, आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. खर्चही फार नाही. भाडं ३० हजार आणि डिपॉझिट १ लाख असेल, तर अकरा महिन्यांच्या भाड्यात डिपॉझिटवरचं १० टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळवायचं आणि त्या रकमेच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क. साडेआठशेच्या घरात जातं. वर महापालिका हद्दीत हजार रुपये नोंदणी फी. ६० महिन्यांपर्यंतच्या कराराला दर हाच. म्हणजे मुदत वाढवली म्हणून शुल्काचा दर वाढत नाही, उलट दर वेळची फी आणि अंगठे घेण्यासाठी घरी मशीन आणायचा व्याप वाचतो. तरीही करार अकराचाच होतो. सोसायटीच्या मॅनेजरला तोच माहीत असतो, स्टेशनरीच्या दुकानातल्या छापील नमुन्यात तोच असतो, आणि खरं सांगायचं तर आमच्यातल्या काही जणांना तो तसाच राहायला हवा असतो. नूतनीकरणाच्या वेळी अर्ध्या महिन्याचं भाडं मागता येतं ना. मला ते पटत नाही. कागदपत्रांचे आणि येण्या-जाण्याचे पैसे घ्यावेत. तोच भाडेकरू, तेच घर, नवीन मी काय शोधून दिलं?

पण मूळ मुद्दा पैशांचा नाही, सरकण्याचा आहे. समजा २०२२च्या १ जूनला एक कुटुंब राहायला आलं. जूनच हवा होता, कारण शाळा. करार एप्रिलअखेर संपला. नूतनीकरण १ मे २०२३ला. तो संपला मार्च २०२४अखेर. पुढचा १ एप्रिलला सुरू, फेब्रुवारी २०२५अखेर संपला. त्याच्या पुढचा १ मार्च २०२५ला सुरू, आणि संपणार जानेवारी २०२६अखेर. दर वर्षी तारीख महिनाभर मागे. सुरुवातीला जे घर ऐन हंगामात लागलं, ते साडेतीन-पावणेचार वर्षांनी जानेवारीच्या शेवटी रिकामं होतं. त्या वेळी शाळेचं वर्ष अर्ध्याहून जास्त झालेलं असतं, कुटुंबं हलत नाहीत, विद्यार्थी आपापल्या खोल्यांत रुजलेले असतात. घर मार्च-एप्रिलपर्यंत कुलूपबंद. घरमालक म्हणतो, "ताई, बाजार पडलाय." बाजार पडलेला नसतो. त्याचं कॅलेंडर सरकलेलं असतं.

आपल्या पंचांगकर्त्यांना हा प्रश्न फार पूर्वी पडला होता. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी तोकडं. ती तूट तशीच साठू दिली असती तर दिवाळी सरकत सरकत भर पावसाळ्यात आली असती. म्हणून साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक अधिक मास घालायचा आणि सणांना ऋतूंवर परत आणून बसवायचं. मी भाडेकरारांचं तेच करते. पितृपंधरवड्यात सगळे चालू करार त्यांच्या संपण्याच्या महिन्याप्रमाणे लावते. जे नोव्हेंबर ते जानेवारीत संपणार, त्यांच्यापुढे लाल खूण. त्या घरमालकांना आणि भाडेकरूंना आधीच विचारायचं, की या वेळी अकराऐवजी सोळाचा करून एप्रिल-मेमध्ये आणूया का? भाडेकरूला त्यात काही तोटा नसतो, घरमालकाला मात्र आधी संशय येतो. "सोळा महिने? मग तो घर बळकावणार नाही ना?" मग त्यांना सांगायचं, की लिव्ह अँड लायसन्समध्ये मुदत संपूनही घर सोडलं नाही तर दुप्पट रक्कम भरावी लागते आणि सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. मुदत अकराची की सोळाची, यानं त्यात काडीचा फरक पडत नाही. शेवटी पटतं ते कायद्यानं नाही, हिशेबानं पटतं. दोन महिने घर रिकामं राहिलं की ६० हजार गेले, आणि सोसायटीचा मेंटेनन्स खिशातून.

वार्षिक आराखड्याचा एवढा एक भाग जरी नीट झाला, तरी मे-जूनमध्ये कोणत्या किती चाव्या हातात येणार हे मला आदल्या सप्टेंबरात बऱ्यापैकी माहीत असतं. रोज तीन नव्या चौकशा शोधत फिरण्यापेक्षा मला हे जास्त भरवशाचं वाटतं.

आता मोठा बदल सांगते. गेल्या काही वर्षांत कोथरूडमधल्या एजंटाचं वर्ष पुनर्विकासानं बदलून टाकलं आहे. डहाणूकर, मयूर, आयडियल, भुसारी कॉलनी, कुठेही जा, चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या तीन मजली, लिफ्ट नसलेल्या सोसायट्या एकामागून एक पत्र्यांआड जाताहेत. डिसेंबर २०२०मध्ये एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, वाढीव चटईक्षेत्राची, म्हणजे त्याच जमिनीवर जास्त बांधकामाची, गणितं बसायला लागली. २०२२च्या मार्चमध्ये वनाजपासून मेट्रो सुरू झाली. त्याआधी जुलै २०१९च्या शासन निर्णयानं पुनर्विकासाच्या ठरावासाठी लागणारं बहुमत ५१ टक्क्यांवर आणलं होतं, सभेला मात्र दोन तृतीयांश सभासद हजर हवेत. ज्या सोसायट्यांमध्ये एक आजोबा हात वर करत नव्हते म्हणून सगळं अडलं होतं, त्या सुटल्या. आजोबांचं काय झालं, हा वेगळ्या लेखाचा विषय.

माझ्या दृष्टीनं पुनर्विकास म्हणजे एकाच दिवशी घर सोडणारी तीस-चाळीस कुटुंबं. सगळ्यांना त्याच गल्लीत भाड्यानं जागा हवी. भाजीवाली तीच, डॉक्टर तेच, सकाळी फिरायला जायचा कट्टा तोच. निम्म्या घरांत सत्तरीच्या पुढची माणसं, म्हणजे तळमजला नाहीतर लिफ्ट. भाडं, डिपॉझिट, सामान हलवायचा खर्च, दलाली, हे सगळं बिल्डरच्या करारात लिहिलेलं असतं. म्हणजे पैशाला अडचण नाही, घरांना आहे. अशा वेळी ज्या एजंटाला सहा महिने आधी खबर असेल त्याच्याकडेच ऐनवेळी घरं असतात. आणि खबर कुठे मिळते? वार्षिक सर्वसाधारण सभेत. सहकार कायद्यानं ती आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरचे रविवार कोथरूडमध्ये सभांचे. त्या रविवारी मी साइट व्हिजिट ठेवत नाही. दाखवणारा सभेत असतो आणि बघणाराही त्याच्या सभेत. संध्याकाळी मात्र फोन येतात, आणि ते काळजीपूर्वक ऐकायचे असतात. "चहा गार होता," "पार्किंगवरून भांडणं झाली," असं बोलता बोलता मध्येच येतं, "तीन बिल्डरांची प्रेझेंटेशन ठरली." ते वहीत.

या लोकांशी बोलताना एक पथ्य मी पाळते. ठराव झाला की लगेच घरं दाखवायला धावायचं नाही. एका सोसायटीतल्या काकूंकडे असंच बसले होते. मी म्हटलं, "काकू, तुम्हाला तळमजलाच लागेल ना?" त्या म्हणाल्या, "तळमजला नंतर बघ गं. आधी हे सांग, माझा गॅलरीतला पारिजातक कुठे नेऊ?" कुंडी नव्हती ती, जुना लोखंडी पिंप होता, चार माणसांनी उचलावा असा. माझ्या यादीत त्या घराच्या गरजांपुढे 'मोठी गॅलरी, पूर्वेची' असं लिहिलं. हास्यास्पद वाटेल, पण या एका ओळीनं पुढे त्यांचं घर लगेच ठरलं, आणि त्यांनी शेजारच्या दोघींना माझ्याकडे पाठवलं. कार्यशाळेतल्या गणितात हा पिंप कुठे बसवायचा?

विक्रीच्या बाजूलाही अशाच तारखा असतात, फक्त त्या आयकर खात्याच्या असतात. ज्यानं जुनं घर नफ्यात विकलं, त्याला भांडवली नफ्यावरचा कर वाचवायचा असेल तर विक्रीपासून दोन वर्षांत दुसरं घर घ्यावं लागतं. बांधून घेणार असेल तर तीन वर्षांत. रोख्यांमध्ये गुंतवायचं तर सहा महिन्यांत. विक्री झाली, पेढे खाल्ले, आणि एजंट त्या माणसाला विसरला, असं फार वेळा होतं. मी विक्रीच्या तारखेपुढे तिथेच दीड वर्षानंतरची तारीख लिहून ठेवते. दीड वर्षानं फोन केला की माणूस आधी चपापतो, मग म्हणतो, "अरे हो, सीए पण परवाच विचारत होता." त्याला घाई असते, पैसे तयार असतात, आणि त्याला भाव माहीत असतो. असा ग्राहक जाहिरातीतून मिळत नाही.

डिसेंबर परदेशातल्या मुलांचा. ख्रिसमसच्या सुट्टीत येतात, तीन आठवड्यांत आईवडिलांच्या तपासण्या, लग्नं, बँकेची केवायसी आणि फ्लॅटचं काय करायचं हा विषय, सगळं उरकायचं असतं. त्यांच्यासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच कागद तपासून ठेवावे लागतात. शेअर सर्टिफिकेट कोणाच्या नावावर आहे, वडील गेल्यावर नाव बदललं का, इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, सापडतो का. ज्यांना येता येत नाही त्यांचं कुलमुखत्यारपत्र तिकडच्या वकिलातीतून होऊन येतं, आणि ते भारतात आल्यावर तीन महिन्यांत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं, ही तारीखही वहीत. विकणारा अनिवासी असला की घेणाऱ्याला टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, कापावाच लागतो, एरवीची ५० लाखांची मर्यादा तिथे नाही, हे ऐनवेळी कळलं की घेणारा बिचकतो. म्हणून पहिल्याच भेटीत सांगायचं.

एक यादी मात्र मी करत नाही. आमच्या धंद्यात काही जण सकाळी पेपरातल्या निधनवार्ता पेन घेऊन वाचतात. पत्ता ओळखीचा निघाला की तेराव्यानंतर फोन. "घराचं काही ठरवलंत का?" त्यात बेकायदा काही नाही, आणि त्यांना व्यवहार मिळतातही, हे मी नाकारत नाही. मी वर्षश्राद्ध होईपर्यंत अशा घरी धंद्याचा फोन करत नाही. त्यांनी आपणहून केला तर गोष्ट वेगळी. यात थोरपणा नाही. अनुभव असा, की पहिल्या वर्षात घेतलेला घर विकायचा निर्णय पुष्कळदा फिरतो, आणि विसार घेतल्यानंतर फिरला की सगळ्यांनाच मनस्ताप. एकटी राहिलेली आई चार महिन्यांनी म्हणते, "मी इथेच राहते," आणि तिला तसं म्हणायचा पूर्ण हक्क आहे. वर्षश्राद्धाची तिथी तेवढी वहीत असते, पुढे काही न लिहिता.

इतकं सगळं लिहून ठेवलं तरी वर्षभराचा आराखडा एका शासन निर्णयानं उडू शकतो. २०२० आठवतंय? टाळेबंदीनं मार्चपासूनचा हंगाम गेला होता. ऑगस्टच्या अखेरीस राज्य सरकारनं मुद्रांक शुल्कात सवलत जाहीर केली, ३१ डिसेंबरपर्यंत तीन टक्के, नंतर ३१ मार्च २०२१पर्यंत दोन टक्के. आणि पंचांग काय म्हणत होतं? सप्टेंबरच्या सुरुवातीपासून पितृपक्ष, तो संपतो न संपतो तोच अधिक आश्विन, आणि घटस्थापना थेट १७ ऑक्टोबरला. म्हणजे धंद्याच्या जुन्या हिशेबानं दीड महिना कोणी कशाला हात लावायचा नाही. लोकांनी हात लावला. ८० लाखांच्या फ्लॅटवर तीन टक्के म्हणजे २ लाख ४० हजार. त्या रकमेपुढे पितरांनीही हरकत घेतली नाही. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हवेली तालुक्याच्या निबंधक कार्यालयांबाहेर मास्क लावलेल्या लोकांच्या रांगा होत्या. मग सवलतीत शुल्क भरून सह्या केल्या असतील तर नोंदणीला चार महिने मिळतात, हे लोकांच्या लक्षात आल्यावर थोडा श्वास घ्यायला मिळाला. त्या वर्षीच्या माझ्या वहीत मधली कितीतरी पानं आडवी रेघ मारून रद्द केलेली आहेत आणि शेवटची पानं पुरलेली नाहीत.

तेव्हापासून मी मार्चकडे वेगळ्या नजरेनं बघते. रेडी रेकनरचे, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारनं ठरवलेले जागांचे, दर आता १ एप्रिलला बदलतात, बदलायचे असतील तर. पूर्वी ते १ जानेवारीला बदलायचे, तेव्हाची जुनी माणसं अजून डिसेंबरात घाई करतात. २०२५मध्ये दोन वर्षांच्या विश्रांतीनंतर ते वाढले. दर वर्षी फेब्रुवारीपासून "या वेळी वाढणार" अशी हवा सुटते आणि बिल्डरांचे सेल्सवाले ती फुंकत राहतात. मी ग्राहकाला एवढंच सांगते, की कागद तयार असतील तर मार्च साधा, नसतील तर रेकनरसाठी अर्धवट कागदांवर सही करू नका. दरवाढीनं वाढणारं शुल्क परवडतं, चुकीचं टायटल, म्हणजे मालकीचा घोळ, परवडत नाही.

आता पैशांकडे येते, कारण नियोजन म्हणजे शेवटी पैशांचं, हे कार्यशाळावाला म्हणतो ते खरंच आहे. फक्त तो कमाईचं नियोजन शिकवतो, आणि एजंट बुडतो तो पैसे येण्याच्या वेळेत. एक कोटीचं जुनं घर विकलं आणि एका बाजूनं एक टक्का ठरला, तर एक लाख. टोकन झाल्यापासून कर्ज मंजूर होऊन ताबा मिळेपर्यंत दोन-तीन महिने सहज जातात, आणि दलालीचा मोठा हिस्सा त्या टोकाला मिळतो. दुसऱ्या बाजूला दुसरा एजंट असला तर त्याचा वाटा त्याचा. नव्या प्रकल्पात फ्लॅट विकला तर बिल्डर टक्केवारी जास्त देतो, पण ग्राहकाचा करार नोंदवला जाऊन ठरावीक हप्ते आल्यावर, आणि तीही टीडीएस कापून. तो ऑक्टोबर २०२४पासून पाचावरून दोन टक्क्यांवर आला, एवढं बरं झालं. याउलट भाड्याच्या घराची दलाली करार झाला त्या दिवशी हातात. म्हणून माझ्या वहीत दोन वेगळे रकाने आहेत. भाड्यातून जे येतं त्यात ऑफिसचं भाडं, मुलाचा पगार, पेट्रोल, पोर्टलची वर्गणी भागलं पाहिजे. विक्रीतून येतं ते आलं असं खात्यात दिसेपर्यंत धरायचं नाही. ज्यांनी दसऱ्याच्या टोकनच्या भरवशावर दिवाळीत गाडी घेतली, त्यांच्यातले काही जण फेब्रुवारीत माझ्याकडे उसने मागायला आलेले आहेत. उलाढाल २० लाखांच्या पुढे जाणार असेल तर जीएसटीचाही विचार सप्टेंबरातच. वर्षाच्या मध्यात १८ टक्के जास्तीचे मागायला लागलो की जुना ग्राहक तोंडाकडे बघतो.

रेराबद्दल, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर आणि एजंटांवर लक्ष ठेवणाऱ्या कायद्याबद्दल, थोडक्यात. माझ्यासारखी जुन्या घरांचं काम करणारी बाई त्यातल्या एजंट-नोंदणीशिवायही चालवू शकते, कारण ती बिल्डर विकत असलेल्या प्रकल्पांसाठी सक्तीची आहे. तरीही मी घेतली. व्यक्तीसाठी १० हजार फी, मुदत पाच वर्षं, आणि आता प्रशिक्षण आणि परीक्षाही. साठीच्या पुढचे, बोटावर अख्खं कोथरूड मोजून दाखवणारे एजंट संगणकावर पर्यायी उत्तरांवर टिचक्या मारताना बघून मला हसू आवरत नव्हतं. पण परीक्षा हवी होती. नोंदणी नसलेल्या प्रकल्पाची पत्रकं वाटणारे लोक आम्हीच आजूबाजूला बघितले आहेत. त्यात दिवसाला १० हजार दंड होऊ शकतो, हे निदान आता सगळ्यांनी एकदा वाचलं तरी.

तर यंदाची, म्हणजे २०२६साठीची वही. गुढीपाडवा १९ मार्चला, म्हणजे रेकनरच्या आधी. त्यामुळे विक्रीचा जोर फेब्रुवारी-मार्चमध्ये. अक्षय्य तृतीया एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात. आणि मग १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. ऐन हंगामात. विकत घेणारे त्या महिन्यात थंड पडतील, वास्तुशांती तर कोणी करणारच नाही. पण शाळा पंचांग बघत नाहीत. भाडेकरू हलणारच. म्हणून विक्रीच्या भेटी सगळ्या मेच्या आधी ओढल्या आहेत, आणि तो महिना पूर्ण भाड्याच्या घरांना दिला आहे. रंगारी आत्ताच सांगून ठेवलाय.

त्याच महिन्यात जवळच्या एका सोसायटीला घरं रिकामी करून द्यायची आहेत. त्यांचे सचिव निवृत्त बँक अधिकारी, प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवणारे. परवा पंचांग काढूनच ऑफिसात आले.

"ताई, अधिकात घर बदललेलं चालतं का?"

"भाड्याच्या घराला चालतं, काका. वास्तुशांती थोडीच करायचीय."

"आणि नवीन घराची?"

"बिल्डरनं छत्तीस महिने लिहून दिलेत. २०२९ उजाडेल. त्या वर्षी चैत्र अधिक आहे."

त्यांनी पंचांग मिटलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मग आमचा करार अकराचा करू नकोस. छत्तीसचा कर. आणि वर दोन महिने घाल, बिल्डरला ओळखतो मी."